सातासमुद्रापारची शिदोरी



पुण्यातल्या टूरवाल्यांच्या जाहिरातींत हल्ली एक नवं चित्र दिसतं. निळंशार पाणी, सात-आठ मजली पांढरी बोट आणि खाली मोठ्या अक्षरात ‘कॅरिबियन क्रूझ’. कॅरिबियन म्हणजे आपल्याला क्रिकेटमुळं माहीत असलेलं वेस्ट इंडीज. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामीसारख्या बंदरातून ही बोट निघते, बेटाबेटांना थांबत जाते आणि आठवड्याभरात परत येते. मुलगा किंवा लेक अमेरिकेत असली की आईवडिलांना एकदा या बोटीवर नेऊन आणायची पद्धत पडू लागली आहे. आपल्या तालुक्याच्या गावांतूनही अशा चार-दोन जणी जाऊन आल्या आहेत. गटाच्या बैठकीत त्या सांगायला लागल्या की सगळ्या कान टवकारून ऐकतात. कपडे काय न्यायचे, जेवणाचं काय, बोट लागली तर काय करायचं, पैसे कुठं ठेवायचे, एकटीनं जावं का.

हे प्रश्न नवे नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडणाऱ्या बायकांनाही हेच प्रश्न पडले होते. फक्त त्यांच्या उत्तरात चूक झाली तर जिवावर बेतायचं. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

सुरुवात कॅरिबियनपासूनच करू, कारण तिथं आपल्या देशातल्या बायका फार आधी पोचल्या होत्या आणि त्या सहलीला गेल्या नव्हत्या. इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटांवर उसाचे मळे होते. तिथं आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. १८३०च्या दशकात गुलामगिरी कायद्यानं बंद झाली आणि मळेवाल्यांना मजूर पुरेनात. मग हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या करारावर माणसं नेणं सुरू झालं. ‘ॲग्रीमेंट’चं आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ केलं आणि जाणारे झाले गिरमिटिये. ‘फतेह अल रझाक’ नावाचं शिडाचं जहाज कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ रोजी त्रिनिदाद बेटावर लागलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. तेव्हा सुएझचा कालवा झाला नव्हता. सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जायला तीन महिन्यांहून जास्त लागले. पुढं १९१७ साली ही भरती थांबेपर्यंत एकट्या त्रिनिदादला जवळजवळ १ लाख ४४ हजार माणसं गेली.

यातली बहुतेक माणसं उत्तर प्रदेश आणि बिहारकडची, काही मद्रासकडची. सुरुवातीला बायका फार कमी जात. मग सरकारनं नियम केला की दर १०० पुरुषांमागं ४० बायका असल्याच पाहिजेत. दलाल बायका शोधू लागले. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी दुष्काळात घर सुटलेली, कुणी तीर्थाच्या गावी एकटी राहिलेली. काही जणींना फसवून नेलं हे खरं आहे. पण सगळ्यांनाच फसवून नेलं असं म्हटलं की त्या बायकांच्या डोक्याला आपण काहीच किंमत देत नाही. घरात रोज मरण्यापेक्षा परमुलखात राबलेलं बरं असा विचार करून अंगठा उठवणाऱ्याही त्यांत होत्या.

त्यांची तयारी काय असणार? गळ्यात नंबराचा बिल्ला, एक घोंगडी, पत्र्याची ताटली, लोटा. जहाजावर डाळ-तांदूळ मिळे आणि रांधायला भंडारी असत. आज त्रिनिदादला गेलात तर जिऱ्याला तिथं ‘गीरा’ म्हणतात आणि हळदीला ‘हरदी’. डाळपुरी तिथल्या रस्त्यावर मिळते आणि ती खायला सगळ्या वंशांची माणसं रांग लावतात. एका जहाजातून आलेली माणसं एकमेकांची ‘जहाजी’ झाली. जात वेगळी, गाव वेगळं, भाषाही थोडी वेगळी, तरी जहाजी म्हणजे सख्ख्यासारखं नातं. जहाजी भावाबहिणींच्या मुलांची आपसांत लग्नंसुद्धा करत नसत, इतकं ते नातं घट्ट मानलं जाई. ३० मे हा दिवस तिथं सरकारी सुट्टीचा आहे.

आपली मराठी माणसं त्या बाजूला क्वचितच गेली. ती मुंबईहून मॉरिशसला गेली, रत्नागिरी, सातारा या भागांतून. तिथं आजही मराठी आडनावं आहेत, गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथं ‘झाकरी’ म्हणून नाचतात. ट्रंकेत कपडा मावला नसेल, पण गाणं मावलं.

आता पुण्याकडं येऊ.

३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात, आजोळी, एक मुलगी जन्मली. कल्याणच्या जोश्यांची यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी या पोस्टातल्या कारकुनाशी झालं. ते तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठे. लग्नानंतर ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बायकांना दाखवायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज, या कात्रीत बायका आणि बाळं मरतात हे तिला स्वतःच्या मांडीवर कळलं. डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं.

अमेरिकेला जाण्याची खटपट गोपाळरावांनी आधीच सुरू केली होती. त्यांची एका मिशनऱ्यांशी झालेली पत्रं अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती मासिकात छापून आली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडं गेल्या असता तिथं पडलेलं ते मासिक त्यांच्या हाती आलं. त्यांनी पत्र लिहिलं. इकडून उत्तर गेलं. एकमेकींचं तोंड न पाहता दोघींचा जीव जडला आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आज आपण फोनवर विचारतो, ‘अगं, तिकडं थंडी किती असते?’ ते विचारायला आणि उत्तर यायला तेव्हा काही महिने जात. पण विचारायला तिथलं एक घर होतं. या सगळ्या प्रवासात आनंदीबाईंची सर्वांत मोठी ठेव मला तरी हीच वाटते. परक्या गावी उतरल्यावर दार ठोठवता येईल असं एक घर.

तेव्हा गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला झाली होती. बायको एकटी अमेरिकेला जाणार ही बातमी फुटली आणि चहूकडून टीका सुरू झाली. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, जातीबाहेर टाकतात, अशी तेव्हाची समजूत. पुरुष विलायतेला जाऊन आले तरी प्रायश्चित्त घ्यावं लागे, मग बाईची काय कथा. आनंदीबाईंनी एक धीट गोष्ट केली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत भाषण केलं. वय अठराला महिना कमी.

लोक जे सहा प्रश्न विचारत होते ते त्यांनी स्वतःच मांडले. मी अमेरिकेला का जाते? इथं शिकायची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? संकट आलं तर काय करशील? आणि कुठल्याच बाईनं न केलेली गोष्ट तू कशाला करतेस?

मैत्रिणींनो, यातले निम्मे प्रश्न आजही घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या बाईला विचारतात, मग ती तालुक्याला ट्रेनिंगला जात असली तरी.

त्यांची उत्तरं सरळ होती. इथं बायकांना पुरं डॉक्टरकीचं शिक्षण जवळजवळ नाही, आणि जे आहे तिथं माझ्यासारखीला टिकू देत नाहीत. मुंबईत हातात पुस्तकं घेऊन रस्त्यानं चाललं की लोक गोळा होत, हसत, नावं ठेवत, हेही त्यांनी सांगून टाकलं. एकटी का, तर पैसा दोघांना पुरत नाही, आणि नवऱ्याच्या म्हाताऱ्या आईचा आणि धाकट्या भावांचा भार त्याच्यावर आहे. वाळीत का टाकाल? मी हिंदू म्हणून जाते, तिथं माझं खाणंपिणं, नेसणं बदलणार नाही आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आणि संकट काय, ते घरातही येतंच. या भाषणाची बातमी देशभर गेली आणि ठिकठिकाणांहून मदत आली.

त्यानंतर कपड्यांची तयारी. आपलं नऊवारी लुगडं कामाला झकास, पण पोटऱ्या उघड्या राहतात. बर्फाच्या मुलखात ते कसं चालणार? साहेबी झगा घालायचा नाही असं तर वचन दिलेलं. आनंदीबाईंनी मधला रस्ता काढला. गुजराती बायकांसारखं, पायघोळ, अंग झाकणारं नेसायचं ठरवलं. धर्म राहिला आणि पायही झाकले. त्यांचा पदवीच्या काळातला फोटो पाहिलात तर पदर पुढून घेतलेला दिसेल, तो याच हिशेबानं.

सोबत मिळाली ती कलकत्त्याहून निघालेल्या मिशनरी बायकांची. ७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या आगबोटीनं त्या निघाल्या. ज्या कलकत्त्याहून गिरमिटियांची जहाजं सुटत, तेच हे बंदर. एकीकडं अंगठा उठवून गेलेल्या बायका, एकीकडं भाषण करून निघालेली ही पोरगी. दोन्ही बंदी असलेला समुद्रच ओलांडत होत्या, पण इतिहासाच्या पुस्तकात एकीचंच नाव आलं. ४ जूनला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने पाण्यावर, आणि बोटीवर शाकाहारी माणसाची वेगळी सोय असण्याचा तो काळ नव्हे.

उतरवून घ्यायला कार्पेंटर मावशी होत्या. उन्हाळा त्यांच्या घरी चांगला गेला. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव दाखल झालं आणि तिथं तयारीतली उणीव उघडी पडली. राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटी नीट पेटायची नाही, धूर कोंडायचा. थंडी किंवा धूर, दोन्हीपैकी एक सोसा. खाणं तुटपुंजं, अभ्यास मोठा. शरीर खचत गेलं. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. ९ ऑक्टोबरला परतीच्या ‘एट्रुरिया’ बोटीवर चढल्या तेव्हा अंगात क्षय मुरला होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. १६ नोव्हेंबरला त्या मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसाव्या वर्षात असताना, पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींनी मागवून घेतली. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी नावाच्या गावी, मावशींच्या घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवली आहे.

एक सांगते. आनंदीबाईंच्या गोष्टीत गोपाळरावांच्या हट्टाचं फार कौतुक होतं. हट्ट नसता तर त्या शिकल्या नसत्या, हे खरं. पण हट्टी माणूस चुलीवर लक्ष ठेवत नाही. तुझी खोली उबदार आहे का, तू पोटभर जेवतेस का, हे विचारणारी होती ती परक्या देशातली मावशी. १८८९ साली काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. एका मराठी बाईनं दुसरीचं आयुष्य लिहून ठेवलं म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं.

त्याच १८८३ साली, त्याच एप्रिलात, मुंबईहून दुसरी एक बाई इंग्लंडला निघाली. पंडिता रमाबाई. वय पंचवीस, विधवा, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. पुण्यात १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज काढला होता. रमाबाईंची आर्थिक आखणी आपल्या गटानं शिकावी अशी आहे. प्रवासखर्चासाठी त्यांनी कुणाच्या दारात हात पसरला नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, विकलं आणि त्या पैशात तिकीट काढलं. इंग्लंडात राहायचं कसं? वाँटेज गावच्या ख्रिस्ती जोगिणींची शाखा पुण्यात होती. रमाबाईंनी ठरवलं की हिंदुस्थानात यायच्या जोगिणींना मी मराठी शिकवीन, बदल्यात मला राहायला आणि शिकायला मिळावं. फुकटचं काही नाही. सोबतीला आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. इंग्लंडात पोचल्यावर काही महिन्यांतच तिचा दुर्दैवी मृत्यू झाला आणि रमाबाई लहान मुलीसह परक्या मुलखात एकट्या पडल्या. त्याच सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. इकडं पुण्यात केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा.

१८८६ साली रमाबाई अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या, आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ बघायला. दोघी मराठी बायका, दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या, एका सभागृहात. त्या गेल्या होत्या समारंभाला आणि राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. गावोगाव भाषणं दिली, इंग्रजी पुस्तक विकलं, इथल्या विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. परतल्या त्या उलट दिशेनं, सान फ्रान्सिस्कोहून जपान, हाँगकाँग करत. म्हणजे पृथ्वीला वळसाच झाला. आणि आल्यावर अमेरिकेतले लोक कसे राहतात, तिथल्या बायकांच्या संस्था कशा चालतात, यावर मराठीत जाडजूड पुस्तक लिहिलं. प्रवासाला गेलेल्या बाईनं परत येऊन गावाला सांगायचं असतं, ते त्यांनी पुरेपूर केलं.

तिसरी बाई पार्वतीबाई आठवले. देवरुखच्या, महर्षी कर्व्यांच्या मेव्हणी. तरुणपणी विधवा झाल्या आणि पुढं पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत महाराष्ट्रभर फिरल्या. १९१८ साली, पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी मोडकंतोडकं, पक्कं शाकाहारी जेवण, खिशात फार पैसा नाही. तिथं लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करून त्यांनी दिवस काढले. भांडी घासता घासता इंग्रजी सुधारली आणि आश्रमासाठी वर्गणी जमवली. रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती. ‘माझी कहाणी’ या पुस्तकात त्यांनी आपलं आयुष्य लिहिलं आहे. आपल्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मागून बघा. बायकांनी मोठ्यानं वाचावं असं पुस्तक आहे.

या झाल्या दूरच्या बोटी. जवळच्या बोटीचं एक दुःख मात्र विसरता येत नाही. कोकणातल्या चाकरमान्यांसाठी आगबोट हीच एसटी होती. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस. ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडं निघाली. सणासाठी घरी जाणारी माणसं खच्चून भरलेली, आभाळ आणि समुद्र दोन्ही बिघडलेले. मुंबईपासून थोड्याच अंतरावर लाट आदळली, माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त जीव गेले. महिन्यावर स्वातंत्र्य आलेलं आणि रायगडच्या कित्येक घरांत सुतक. म्हणून सांगते, लहान लाँच असो की मोठी बोट, लाइफ जॅकेट कुठं आहे ते चढल्याबरोबर विचारायचं. हसणाऱ्यांना हसू द्या. गर्दीची बोट सोडून पुढची घ्यायची. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात ते उगीच नाही.

आता ज्यांना खरंच मुलाकडं जाऊन त्या कॅरिबियन बोटीवर जायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं. तिकडं जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम असतो. तिकीट स्वस्त दिसतं ते त्यामुळंही. बोट अमेरिकेहून निघून अमेरिकेतच परत येत असेल, तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा देशात शिरायला चालणारा हवा. मुलाला हे आधी बघायला सांगा. शाकाहारी जेवण आता बोटीवर मिळतं, पण बुकिंग करतानाच नोंदवावं लागतं. आनंदीबाईंच्या काळाच्या उलट गंमत अशी, की घरचे लाडू, चिवडा बहुतेक कंपन्या बोटीवर आणू देत नाहीत. तिकिटाच्या पैशात सगळं येतं असं समजू नका. रोजची बक्षिसी, बेटावर उतरून फिरणं, बोटीवरचा डॉक्टर, याचे पैसे वेगळे, आणि डॉक्टर फार महाग. म्हणून प्रवासाचा विमा काढल्याशिवाय निघायचं नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. बोट लागते त्यांनी गोळीचं डॉक्टरांना निघण्याआधी विचारावं. बेटावर उतरलात तर बोट सुटायची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणं धरा. उशिरा येणाऱ्यांसाठी ती थांबत नाही.

आणि गटाची सहल असेल तर तिचा पैसा वेगळ्या डब्यात, वेगळ्या वहीत. कर्जवाटपाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी कर्जही काढायचं नाही. रमाबाईंनी पुस्तक विकलं, आपण पापड-मसाला विकू. समुद्रच बघायचा तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. तासाभराचा प्रवास, बसायला खुर्च्या, आणि तिकीट आपल्या आवाक्यातलं.

ज्यांना समुद्र नको, त्यांनी केडगावला जावं. दौंड तालुक्यात रमाबाईंनी काढलेलं मुक्ती मिशन तिथं आजही चालू आहे. पुणे-दौंड गाडी केडगावला थांबते. फक्त आधी कळवून, परवानगी घेऊन जा, कारण तिथं बायका आणि मुलं राहतात आणि ते त्यांचं घर आहे.